इराक युद्ध (२००३) : बेकायदेशीर, की 'फारतर अनैतिक'?

हळदपेठ (धागाकर्ती)

भाचीच्या कॉलेजात परवा वादविवाद स्पर्धा झाली, विषय २००३ चं इराक युद्ध. ती युद्धाच्या विरोधात बोलली, बरं बोलली म्हणे, पण शेवटी परीक्षक सगळ्यांसमोर म्हणाले की बाळ तू सारखं बेकायदेशीर बेकायदेशीर करतेयस, ते काही बेकायदेशीर नव्हतं, सुरक्षा परिषदेचे ठराव होते की, फारतर अनैतिक म्हण. पोरगी घरी आली ती तोंड पाडून, आणि मला तो 'फारतर' दोन दिवस टोचतोय. एक अख्खा देश मोडला, हजारो हजार माणसं गेली, आणि 'अनैतिक' म्हणजे त्यातली सवलतीची शिक्षा?

मी सांगलीला दिवाणी वकिली करते, बांधाचे वाटेचे वाटणीचे दावे. आपल्याकडे 'बेकायदा' म्हटलं की बेकायदा बांधकाम आठवतं, दंड भरा आणि नियमित करून घ्या. आणि 'अनैतिक' म्हटलं की पेपरातली अनैतिक संबंधातून खून अशी बातमी. दोन्ही शब्द आपण पार झिजवून टाकलेत, म्हणून मुद्दाम हा धागा काढतेय.

कायदा जेवढा मला कळतो तेवढा साधा आहे. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेचं कलम २(४) म्हणतं दुसऱ्या देशाविरुद्ध बळ वापरायचं नाही, बळाची धमकीसुद्धा द्यायची नाही. अपवाद दोनच. स्वतःवर हल्ला झाला तर स्वसंरक्षण (कलम ५१), नाहीतर सुरक्षा परिषदेची परवानगी. इराकने २००३ मध्ये अमेरिकेवर किंवा ब्रिटनवर हल्ला केलेला नव्हता. म्हणजे उरली परवानगी, आणि ती मिळाली नव्हती. दुसरा ठराव आणायचा प्रयत्न झाला, मतं जमेनात म्हणून तो मतदानाला न टाकताच २० मार्चला बगदादवर बॉम्ब पडायला लागले.

आता माझं मत स्पष्ट सांगते म्हणजे भांडायला सोपं. बहुतेक लोक म्हणतात की इराककडे आहेत म्हणून सांगितलेली महासंहारक शस्त्रं सापडली नाहीत म्हणून ते युद्ध बेकायदेशीर. मला हे पटत नाही. उद्या त्या वाळवंटात विषारी वायूची शंभर गोदामं सापडली असती तरी ते युद्ध तितकंच बेकायदेशीर होतं. शस्त्रांचा प्रश्न खरं-खोटं बोलण्याचा आहे, म्हणजे नीतीचा. कायद्याचा प्रश्न एवढाच की ठरवायचा अधिकार कुणाचा होता. आणि उलटही खरंच, परिषदेतल्या पंधराच्या पंधरा देशांनी हात वर केले असते तर ते कायदेशीर झालं असतं आणि तरी कदाचित पापच राहिलं असतं. हे दोन वेगळे दावे आहेत, एक हरला म्हणून दुसरा निकाली निघत नाही.

प्रश्नचिन्ह

ताई लेख आवडला पण मुळातच असहमत. ज्या कायद्याला पोलीस नाही, तुरुंग नाही, आरोपीला हजर करायची सोय नाही, त्याला कायदा का म्हणायचं? सुरक्षा परिषदेत पाच जणांकडे नकाराधिकार. म्हणजे वाड्यावरचे पाच पाटील, ते एकमेकांना कधीच गुन्हेगार ठरवणार नाहीत. बळी तो कान पिळी एवढाच खरा नियम. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानी नेत्यांवर चाललेल्या टोकियो खटल्यात न्या. राधाबिनोद पाल यांनी वेगळं निकालपत्र लिहून हेच मांडलं होतं की आक्रमक युद्ध हा तेव्हाच्या कायद्यात गुन्हाच नव्हता, जिंकलेल्यांनी हरलेल्यांसाठी तो नंतर तयार केला. ज्याच्या हाती ससा तो पारधी. म्हणून मी तर म्हणेन बेकायदेशीर हा शब्द सोडाच, सरळ अनैतिक म्हणा, निदान त्याला नकाराधिकार लागू होत नाही.

यॉर्कशायरकर

प्रश्नचिन्ह, मी तेव्हा इथे इंग्लंडात नवीन होतो, १५ फेब्रुवारी २००३ च्या लंडनच्या मोर्चात चाललोय, थंडी अशी की पाट्या धरलेले हात बधिर झालेले, आमच्या पुढे एक आजीबाई होत्या वॉकर घेऊन, दर पन्नास पावलांवर थांबायच्या आणि मागचा अख्खा लोंढा त्यांच्यासाठी थांबायचा. तुमचा मुद्दा मला तेव्हा पटायचा की कायदा वगैरे काही नसतं. पण नंतर जे कागद बाहेर आले त्यावरून उलटं दिसलं.

ब्रिटनचे ॲटर्नी जनरल, म्हणजे सरकारचे मुख्य कायदा सल्लागार, लॉर्ड गोल्डस्मिथ यांनी ७ मार्चला पंतप्रधानांना गुप्त सल्ला दिला, १३ पानी. त्यात लिहिलंय की नवीन ठराव घेणं हाच सगळ्यात सुरक्षित मार्ग, त्याशिवाय जायचं तर जेमतेम 'बऱ्यापैकी बाजू मांडता येईल' इतपतच. आणि १७ मार्चला संसदेत जे उत्तर ठेवलं ते दीड पानाचंसुद्धा नाही, आणि त्यात किंतु परंतु काही नाही, युद्ध कायदेशीर, विषय संपला. दहा दिवसांत १३ पानांचं एवढंसं झालं. का झालं? कारण सैन्यप्रमुख ॲडमिरल बॉइस अडून बसले होते की मला लेखी द्या, निःसंदिग्ध द्या, नाहीतर माझी पोरं उद्या कटघऱ्यात उभी राहतील. कायदा नुसता कागद असता तर सैन्यप्रमुखाने कशाला मागितला असता?

परराष्ट्र खात्याच्या उपकायदा सल्लागार एलिझाबेथ विल्म्सहर्स्ट यांनी जवळजवळ ३० वर्षांची नोकरी सोडली. राजीनाम्याचं पत्र दोन वर्षांनी बाहेर आलं तेव्हा नेमका एक परिच्छेद सरकारने झाकला होता, आणि झाकलेला भाग असा की खुद्द ॲटर्नी जनरलांचंही मत आधी आमच्यासारखंच होतं. १८ मार्चला संसदेत ४१२ विरुद्ध १४९ ने युद्ध मंजूर. त्या ४१२ जणांपुढे ७ मार्चचा कागद नव्हता.

नव्यापेठेतला

वाचतोय. संध्याकाळी लिहितो.

सडेतोड

सगळे सद्दामला विसरलात का. १६ मार्च १९८८, इराकमधलं हलबजा, विषारी वायू, एका दिवसात पाच हजारांच्या आसपास कुर्द माणसं, बायका पोरं, घराच्या उंबरठ्यावर मरून पडलेली. अशा माणसाला हटवणं अनैतिक? मी म्हणतो ते युद्ध बेकायदेशीर असेलही पण नैतिक होतं. शेजारच्या घरात नवरा बायकोला जाळतोय तर तुम्ही दरवाजा तोडायला कोर्टाची ऑर्डर आणायला जाणार का?

आणि कायद्याचंच बोलायचं तर ठराव १४४१ वाचा. नोव्हेंबर २००२, १५-० ने पास, सीरियासकट. इराकने नियम मोडलेत, ही शेवटची संधी, नाहीतर गंभीर परिणाम भोगावे लागतील, असं स्वच्छ लिहिलंय. अजून काय पाहिजे?

हळदपेठ

सडेतोड, आधी कायद्याचं.

अमेरिका-ब्रिटनची मांडणी अशी होती. १९९० चा ठराव ६७८, कुवेत सोडवायला 'आवश्यक ते सर्व मार्ग' वापरायची परवानगी. १९९१ चा ६८७, युद्धबंदी, अट अशी की इराकने शस्त्रं नष्ट करावीत. १४४१ म्हणतो इराकने अट मोडली. मग युद्धबंदी गेली आणि ६७८ ची जुनी परवानगी परत जिवंत झाली.

आमच्या कोर्टाच्या भाषेत सांगायचं तर जुनी डिक्री (कोर्टाचा हुकूमनामा) दरखास्तीला (अंमलबजावणीला) काढली. पण दरखास्त कुणी करायची? ज्याच्या नावावर डिक्री आहे त्याने. ही डिक्री सुरक्षा परिषदेची होती, अमेरिकेची नव्हे. परिषद म्हणाली असती की हो, आता अंमलबजावणी करा, तर गोष्ट वेगळी. शेजाऱ्याने परस्पर बेलिफ घेऊन येऊन दुसऱ्याच्या डिक्रीवर तिसऱ्याचं घर खाली करायचं हे कुठल्या कोर्टात चालतं? आणि डिक्री होती कुवेत मोकळं करायची, तो १९९१ मध्येच मोकळा झाला. ती पूर्ण झालेली डिक्री आहे.

१४४१ पास होताना अमेरिकेचे राजदूत नेग्रोपाँटे स्वतः परिषदेत म्हणाले की या ठरावात कुठलाही छुपा चाप नाही, आपोआप काही होणार नाही, इराकने पुन्हा नियम मोडला तर विषय परत परिषदेपुढे येईल. ब्रिटनचे राजदूतही तेच बोलले. हे आश्वासन मिळालं म्हणून तर १५-० झालं. दस्तावर सही घेताना एक सांगायचं आणि ताबा घेताना दुसरं, आमच्याकडे अशा अशिलाला आम्ही घरी पाठवतो.

आता हलबजा. तुमचं उदाहरण मला हलवून जातं, खरंच. पण दरवाजा तोडायचा तो बाई जळत असताना. १९८८ मध्ये ती जळत होती तेव्हा हेच देश सद्दामच्या बाजूने झुकलेले होते, इराणशी लढतोय म्हणून. पंधरा वर्षांनी येऊन घर पाडलं आणि सांगितलं की इथे एकदा बाई जळाली होती. याला मी नैतिक नाही म्हणू शकत. २००३ च्या मार्चमध्ये हान्स ब्लिक्सचे, म्हणजे संयुक्त राष्ट्रांचे, शस्त्रनिरीक्षक इराकमध्ये फिरत होते, अजून काही महिने द्या म्हणत होते. बाकी सगळे उपाय थकले होते असं कुणी म्हणूच शकत नाही.

तेरेखोल

ताई, तुमचं २(४) आणि दोन अपवाद हे सगळं मान्य. मग एक विचारतो, चिडू नका. १८ डिसेंबर १९६१. आपण गोव्यात सैन्य घातलं. पोर्तुगालने आपल्यावर हल्ला केला नव्हता. सुरक्षा परिषदेची परवानगी नव्हती. तुमच्याच मापाने मोजा.

सडेतोड

+१. आता बघू.

माहेरवाशीण

काहीही काय!! गोवा आपलाच होता. आपल्याच घरात शिरायला परवानगी? गोव्याला इराकच्या रांगेत बसवणं म्हणजे कमाल झाली. १९५५ च्या सत्याग्रहात पत्रादेवीला गोळ्या खाल्लेल्या लोकांची तरी आठवण ठेवा.

हळदपेठ

माहेरवाशीण, थांबा, तेरेखोल यांचा प्रश्न योग्य आहे आणि मी तो टाळणार नाही. कालपासून हेच वाचत बसलेय.

गोव्याच्या आधी एक खटला झाला, आणि तो माझ्या रोजच्या कामातला निघाला. १९५४ मध्ये दादरा आणि नगर हवेली स्वयंसेवकांनी सोडवली (सुधीर फडके त्यात होते हे बऱ्याच जणांना माहीत असेल). पोर्तुगाल हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेलं, आणि दावा काय लावला, तर वाटेचा! दमणहून आमच्या त्या गावांत जायची आमची वहिवाट आहे, भारताने ती अडवली. आणि पुरावा म्हणून काय काढलं, १७७९ चा पेशव्यांशी झालेला तह. त्यात मराठ्यांनी पोर्तुगीजांना १२ हजार रुपये वसुलाची गावं द्यायचं कबूल केलं होतं. मग हेगमध्ये जगभरचे न्यायाधीश सरंजाम म्हणजे काय यावर बसले. त्यांचं म्हणणं असं पडलं की मराठ्यांनी दिला तो नुसता सरंजाम, वसुलाचा हक्क, सार्वभौमत्व दिलंच नव्हतं. वाचताना अंगावर काटा आला, पुणे दरबाराची लेखणी दोनशे वर्षांनी हेगमध्ये पुरावा होऊन उभी.

पण पुढचंही सांगायला हवं. कोर्ट पुढे म्हणालं की नंतर इंग्रजांनी आणि मग भारतानेही त्या गावांवर पोर्तुगालची सत्ता मानली, म्हणून ती पोर्तुगालची. एप्रिल १९६० चा निकाल. सामान्य माणसांना आणि मालाला जायची वाट होती, सैन्याला नव्हती, आणि भारताने काही चूक केली नाही. म्हणजे दावा आपण बराचसा जिंकलो, पण 'ते आपलंच होतं' हे म्हणणं त्या कोर्टात टिकलं नाही. दादरा-नगर हवेलीपुरता निकाल आहे हा, गोव्याचा नाही, पण वाऱ्याची दिशा कळते.

मग १८ डिसेंबर १९६१ ला रात्री सुरक्षा परिषद बसली. अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स, तुर्कस्तानचा ठराव, लढाई थांबवा, भारताने सैन्य मागे घ्यावं. ७ बाजूने, ४ विरोधात. रशियाने नकाराधिकार वापरला म्हणून तो पडला. प्रश्नचिन्ह, तुमच्या त्या पाच पाटलांपैकी एक तेव्हा आपल्या बाजूने होता. आपले प्रतिनिधी सी. एस. झा तिथे जे बोलले त्याचा आशय असा की सनद असो वा नसो, परिषद असो वा नसो, वसाहतवादाचे शेवटचे अवशेष घालवणं ही आमची श्रद्धा आहे.

हे वाक्य मी चार वेळा वाचलं. हा माणूस कायद्याची पळवाट काढत नाहीये. म्हणजे भारताने कायद्याचीही बाजू मांडली होती, डिसेंबर १९६० मध्ये महासभेने वसाहती संपवण्याचा ठराव १५१४ केला, लगोलग दुसऱ्या ठरावात गोव्याला पोर्तुगालच्या परतंत्र प्रदेशांच्या यादीत घातलं, तर कायमचं चाललेलं आक्रमण संपवणं हे आक्रमण होत नाही, असं. ती बाजू पोकळ नाही. पण महासभेचा ठराव म्हणजे बळ वापरायची परवानगी नव्हे. मला कुणी वकील म्हणून विचारलं तर सनदेच्या अक्षराप्रमाणे आपली बाजू कच्ची होती असंच सांगेन.

आणि तरी गोवा मुक्त केला ते योग्य केलं असं मी छातीवर हात ठेवून म्हणते. १४ वर्षं बोलणी करून बघितली, पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार ऐकेना, तो तर गोवा ही वसाहतच नाही, पोर्तुगालचाच प्रांत आहे म्हणत होता. सत्याग्रह करून बघितला, सेनापती बापट त्यात उतरले, नानासाहेब गोरे तुरुंगात गेले, १५ ऑगस्ट १९५५ ला निःशस्त्र माणसांवर गोळ्या झाडल्या. लढाई ३६ तासांच्या आसपास चालली. खोटं कारण कुणाला सांगितलं नाही. म्हणूनच म्हणतेय की दोन दावे वेगळे ठेवा. ते वेगळे ठेवले तरच गोवा आणि इराक यांतला फरक दिसतो. नाहीतर तेव्हाचे ब्रिटिश पंतप्रधान ब्लेअरही म्हणणार की सनद असो वा नसो माझी श्रद्धा आहे, आणि आपल्याकडे उत्तर नसणार.

माहेरवाशीण

कच्ची बाजू हे मला अजून पचत नाहीये. वाचते तो निकाल.

तेरेखोल

ताई धन्यवाद, मला हेच ऐकायचं होतं की कुणीतरी न टाळता बोलेल.

आता माझी बाजू. आमचं घर बांद्याला. माझी आजी पेडण्याची, लग्न होऊन बांद्याला आली १९५३ मध्ये. मधे अंतर काय, आज गाडीने अर्धा तास. १९५५ पासून नाकेबंदी झाली, परवाना असल्याशिवाय जाता येईना, परवाना मिळेना. १९५६ मध्ये माझी आत्या झाली. आजीच्या आईने, म्हणजे माझ्या पणजीने, नातीला बघितलंच नव्हतं. निरोप जायचे यायचे कुणाकुणाबरोबर, एकदा पणजीने झबल्याचं कापड पाठवलं ते पोचलं तेव्हा पोर दोन वर्षांची झालेली.

डिसेंबरमध्ये दोडामार्गच्या बाजूने सैन्य गेलं. घरात पूल उडवल्याचे आवाज ऐकू येत होते म्हणे. नंतर चार-पाच दिवसांनी आजी पोरीला घेऊन चालत निघाली, बरोबर आजोबांचा भाऊ. पणजीने दारात नातीला बघितलं आणि काही बोललीच नाही, खाली बसली आणि तिच्या पायातलं वाळलेलं चिखलाचं ढेकूळ नखाने काढत राहिली. आजी हे सांगायची तेव्हा शेवटी म्हणायची, 'मियां माझ्या आवशीक सात वर्सांनी बघलंय.' त्यापुढे कधी काही सांगायची नाही.

पण त्याच घरात पणजीचा धाकटा दीर होता, तो पोर्तुगीज सरकारात कारकून. तो शेवटपर्यंत म्हणायचा की आम्हाला विचारलं नाही कुणी. त्यालाही मी खोटा म्हणू शकत नाही. १९६३ ची निवडणूक आणि १९६७ चा विलीनीकरणाचा कौल हे सगळं नंतर, सैन्य आल्यावर.

हळदपेठ

त्या काकांचं वाक्य वहीत लिहून घेतलं.

सालमिया८२

इथे मला बोललंच पाहिजे. आमच्या घरात या प्रश्नाची उलटी बाजू आहे.

वडील कुवेतला नोकरीला, आम्ही सालमियात राहायचो. २ ऑगस्ट १९९० ला सकाळी खाली रस्त्यावर इराकी रणगाडे. मी आठ वर्षांचा. आईने दागिने तांदळाच्या डब्यात लपवले आणि इराकी शिपाई घरात येऊन नेमके तांदूळच घेऊन गेला, भुकेला होता तो, विशीतला असेल. मग बसने बगदाद, तिथून जॉर्डनची सीमा, तंबूत दहा दिवस, अम्मानहून एअर इंडियाचं विमान, मुंबईला उतरलो तेव्हा अंगावरचे कपडे आणि माझं शाळेचं दप्तर. पावणेदोन लाखांच्या घरात माणसं आणली तेव्हा भारताने. त्यामुळे दुसऱ्या देशात सैन्य घालणं हा गुन्हा आहे हे मला कुणी कलम सांगून शिकवायची गरज नाही. ६७८ पास झाला तेव्हा आमच्या डोंबिवलीच्या घरात पेढे वाटले होते.

आणि ते युद्ध ताईंच्या मापाने शंभर टक्के कायदेशीर. परवानगी होती, हेतू पण बरोबर, कुवेत मोकळा झाला. पण १३ फेब्रुवारी १९९१ ला बगदादच्या अमिरिया भागात बॉम्बपासून वाचायला बांधलेल्या निवाऱ्यावर दोन बॉम्ब टाकले अमेरिकेने, आत चारशेहून जास्त माणसं जळून मेली, बहुतेक बायका आणि मुलं. त्यांना वाटलं होतं ते लष्करी केंद्र आहे. वडिलांनी पेपरात वाचलं आणि त्या दिवशी जेवले नाहीत. बगदादमध्ये आम्ही ज्या घरी एक रात्र काढली होती ते कुटुंब कुठल्या भागात राहायचं ते त्यांना आठवत नव्हतं, तेच आठवायचा प्रयत्न करत बसले होते.

त्यानंतर १२ वर्षं निर्बंध, तेही सुरक्षा परिषदेच्या ठरावाने, म्हणजे पूर्ण कायदेशीर, औषधांना मोताद झालेली इस्पितळं. म्हणून परीक्षकांचा 'फारतर' मला पण चीड आणतो, पण वेगळ्या कारणाने. कायदेशीर म्हटलं की लोक पुढचं बघायचंच बंद करतात.

नव्यापेठेतला

सालमिया, काय बोलू. थांबतो.

सातारी_फौजी

मी रिटायर्ड जेसीओ. वर सगळे सुरू करायच्या कायद्याबद्दल बोलताय. जवानाला दुसरा कायदा शिकवतात, लढताना काय करायचं आणि काय नाही. कैद्याला मारायचं नाही, दवाखान्यावर टाकायचं नाही, हात वर केले की गोळी थांबली पाहिजे. युद्ध चूक असो की बरोबर हे नियम दोन्ही बाजूंना सारखे. आणि ते तसंच पाहिजे, नाहीतर प्रत्येकजण म्हणेल माझं युद्ध धर्मयुद्ध, मग मला सगळं माफ. सालमिया म्हणतायत तो प्रश्न या दुसऱ्या कायद्यातला आहे.

२००३ चं आठवतं. उन्हाळ्यात युनिटमध्ये सारखी चर्चा, अमेरिकेने अख्खी डिव्हिजन मागितलीय, इराकला जायचं. पोरं भत्त्याचा हिशोब करायला लागली होती, खोटं कशाला बोलू. मला झोप यायची नाही. हुकूम आला असता तर गेलो असतो, पण तिथे कुणी विचारलं असतं की तू इथे कशाला आलास तर मी काय सांगणार होतो? जुलैमध्ये सरकारने नाही म्हणून कळवलं, संयुक्त राष्ट्रांचा स्पष्ट आदेश असल्याशिवाय जाणार नाही. म्हणजे प्रश्नचिन्ह साहेब, ज्याला तुम्ही कायदाच नाही म्हणता त्याच्यामुळे माझ्या युनिटची पोरं घरी राहिली.

प्रश्नचिन्ह

फौजी काका, याला माझ्याकडे उत्तर नाही. एवढा मुद्दा सोडतो. पण पूर्ण नाही सोडणार.

बघा, त्याच २००३ च्या एप्रिलमध्ये आपल्या लोकसभेने ठराव केला, अध्यक्ष मनोहर जोशी होते तेव्हा. सरकार आणि विरोधक दिवसचे दिवस एका शब्दावर अडले. शेवटी हिंदी ठरावात 'निंदा' घातलं आणि इंग्रजीत त्याच्यासाठी सौम्य शब्द वापरला, ज्याचा अर्थ खेद आणि निषेध यांच्या मधला कुठलातरी. घरच्या लोकांना एक, वॉशिंग्टनला एक.

आणि शिक्षा कुणाला झाली? संयुक्त राष्ट्रांचे तेव्हाचे सरचिटणीस कोफी अन्नान २००४ मध्ये बोलले की सनदेच्या दृष्टीने बेकायदेशीर होतं. नेदरलँड्सच्या चौकशी समितीने २०१० मध्ये तेच सांगितलं. ब्रिटनची चिलकॉट चौकशी सात वर्षं चालली, २०१६ मध्ये १२ खंड, २६ लाख शब्द, आणि कायदेशीर की बेकायदेशीर यावर निकाल देणं आमचं काम नाही म्हणाले! फक्त एवढंच की ज्या पद्धतीने कायदेशीर ठरवलं ती मुळीच समाधानकारक नव्हती. नव्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयात आक्रमणाचा गुन्हा २०१८ पासून लागू झाला, मागचं काही घेणार नाहीत, आणि जे देश सदस्य नाहीत त्यांच्या माणसांना सुरक्षा परिषदेने प्रकरण पाठवल्याशिवाय हात लावता येत नाही. अमेरिका सदस्य नाही.

यॉर्कशायरकर

यात भर घालतो. इंग्लंडमधल्या फेअरफर्डच्या लष्करी विमानतळात घुसून बॉम्बर विमानं अडवायचा प्रयत्न केलेल्यांचा खटला लॉर्ड्सपर्यंत (तेव्हाचं इथलं सर्वोच्च कोर्ट) गेला, २००६. त्यांचा बचाव, आम्ही गुन्हा थांबवत होतो. लॉर्ड्स म्हणाले आक्रमण हा आंतरराष्ट्रीय कायद्यात गुन्हा आहे हे खरं, पण संसदेने तसा कायदा केल्याशिवाय इथल्या कोर्टात तो गुन्हा नाही. म्हणजे गुन्हा आहे आणि दाखल करायला पोलीस चौकी नाही. पण जर्मनीत मेजर फाफ नावाच्या अधिकाऱ्याने या युद्धाला मदत होईल असं काम करायला नकार दिला, त्याची पदावनती झाली, आणि २००५ मध्ये तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने ती रद्द केली, युद्धाच्या कायदेशीरपणाबद्दल गंभीर शंका आहेत असं नोंदवून. एका माणसापुरती का होईना चौकी सापडली.

हळदपेठ

प्रश्नचिन्ह, शिक्षा झाली नाही हे खरं, आणि ते मलाही जाळतं. पण माझ्या कोर्टात निम्मे दावे असे असतात की डिक्री मिळते आणि ताबा मिळत नाही. वीस वीस वर्षं. अशील येतो, फाटलेल्या पिशवीतून तोच कागद काढतो, परत बॅगेत ठेवतो. त्याला मी कधी म्हटलं नाही की काका तुमच्याकडे काही नाही. त्या जमिनीवर बसलेला माणूस मालक नाही हे त्या कागदामुळे गावाला माहीत असतं.

म्हणून तर कब्जेदार लगेच नियमित करून घ्यायला धावतात. इराकमध्येही तेच, २२ मे २००३ च्या १४८३ ठरावाने अमेरिका आणि ब्रिटनला 'ताबा असलेल्या सत्ता' म्हणून मान्यता मिळाली आणि दुसऱ्या दिवशीपासून लोक म्हणायला लागले बघा, परिषदेने मान्य केलं. ताबा मान्य केला म्हणजे ताबा घेतला तो मान्य केला असं होत नाही. परीक्षक जे 'ठराव होते' म्हणाले त्यात मला वाटतं हा नंतरचाच ठराव त्यांच्या डोक्यात असावा. (गोव्याचंही नियमितीकरण झालं, पण ते पोर्तुगालने स्वतः येऊन केलं, डिसेंबर १९७४ मध्ये तह करून, त्यांच्याकडची हुकूमशाही गेल्यावर. ज्याची जमीन म्हणत होते त्यानेच सही केली, हा फरक मोठा आहे.)

सालमिया, तुमचं वाचून माझ्या पहिल्या पोस्टमधलं एक वाक्य मला थिटं वाटायला लागलंय. मी 'पंधरा हात वर झाले असते तरी कदाचित पाप' असं लिहिलं होतं. तो 'कदाचित' काढते.

सडेतोड

हलबजाचं उत्तर मला अजून पूर्ण पटलेलं नाही. उद्या परत कुठे हलबजा झालं आणि पाचातल्या एकाने नकाराधिकार वापरला तर? १९९९ ला कोसोव्होत नकाराधिकार येणार हे दिसत होतं म्हणून ठरावच मांडला नाही, नाटोने परवानगीशिवाय ७८ दिवस बॉम्ब टाकले आणि गोल्डस्टोन यांच्या स्वतंत्र आयोगाने म्हटलं बेकायदेशीर पण समर्थनीय. ७१ ला आपण ढाक्यात गेलो तेव्हा महासभेत १०४ विरुद्ध ११ ने युद्धबंदीचा ठराव झाला होता, थांबलो असतो तर? यावर वेगळा धागा काढतो.

हळदपेठ

काढा. ७१ वर मला पण बोलायचंय, तिथे पाकिस्तानने आधी ३ डिसेंबरला आपल्या विमानतळांवर हल्ला केला होता, त्यामुळे ५१ चा मुद्दा येतो, पण निर्वासितांचा मुद्दा त्याहून मोठा.

भाचीने सगळा धागा वाचला. तिची पुढची फेरी रविवारी, यावेळी चिठ्ठीत युद्धाच्या बाजूने बोलायचं आलंय. मी म्हटलं हलबजापासून सुरू कर. तिने विचारलं, मावशी 'डिक्री' आणि 'दरखास्त' हे शब्द परीक्षकांना कळतील का. कुणाला याहून सोपं सुचत असेल तर सांगा.

तेरेखोल

'उसनवारीचा परवाना' म्हणा. आमच्याकडे बंदुकीचा परवाना एकाचा आणि शिकार दुसऱ्याने केली की असंच म्हणतात.

सालमिया८२

वडिलांना धागा वाचून दाखवला. त्यांना त्या घराचं नाही आठवलं, पण गल्लीच्या तोंडाशी बेकरी होती म्हणाले, आणि त्या बाईने निघताना आईला खजुराची पिशवी दिली होती.